बॉनेटखालचे चौदा मिलिमीटर

बाबांच्या कानाची तपासणी झाली तेव्हा डॉक्टरांनी आलेख माझ्यापुढे सरकवला, बाबांपुढे नाही. डाव्या कानाची रेघ निम्म्यापर्यंत सरळ चालली होती आणि मग एकदम दरीत उतरली होती.

“आवाजाच्या ठिकाणी काम करतात का?” त्यांनी विचारलं.

“छे हो,” बाबा बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “दिवसभर गाडीत मी एकटाच. बोलायला आहे कोण?”

गाडी म्हणजे बाबांचा बावीस वर्षांचा पिकअप. पुढे दोन माणसांची केबिन, मागे उघडा हौदा. कारखान्यातून फोमच्या गाद्या उचलायच्या आणि गिऱ्हाइकाकडे पोचवायच्या, हे त्यांचं काम. मी एक दिवस शेजारी बसून फोनवर आवाज मोजला. चौथ्या गिअरमध्ये शहाऐंशी डेसिबल. घरी येऊन बॉनेट उघडलं तर आतून लावलेलं मूळचं अस्तर पार कुजलेलं. वाळक्या सालींसारखं लोंबत होतं, आणि मधला निम्मा पत्रा उघडाच होता. इंजिनाचा आवाज आणि धग दोन्ही थेट केबिनमध्ये शिरत होती. मी पदार्थविज्ञानात एम.एस्सी. करून, नोकरीचे अर्ज टाकून घरी बसले होते. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसं मी बाबांच्या बॉनेटला अस्तर लावायचं ठरवलं.

नवं अस्तर काचतंतूंचं होतं, बारा मिलिमीटर जाड. एका अंगाला चिकट थर, ती बाजू पत्र्याला. दुसऱ्या अंगाला ॲल्युमिनियमचा चंदेरी पत्रा, कागदाहून पातळ, ती बाजू इंजिनाकडे. काचतंतू आवाज जिरवतात, चंदेरी बाजू उष्णता परतवते. दुकानदार म्हणाला, “चिकटवा आणि विसरा.” पण चिकटवण्याआधी एक गोष्ट कळायला हवी होती. बॉनेट मिटल्यावर आत बारा मिलिमीटरची जागा उरते का? आणि बॉनेट मिटलेलं असताना आत डोकावून बघता येत नाही.

त्यावर मी एक युक्ती काढली. ताईची मुलगी, सहा वर्षांची भिंगरी, तेव्हा आमच्याकडे राहायला होती. ताई दोन आठवडे कामासाठी बाहेरगावी गेली होती. भिंगरीकडे खेळायची निळी माती होती. तिच्या लिंबाएवढ्या गोळ्या करून मी इंजिनाच्या उंच भागांवर ठेवल्या: एअर फिल्टरचं झाकण, रेडिएटरची टोपी, बॅटरीची दोन्ही टोकं. बॉनेट हळूच मिटलं, पुन्हा उघडलं. गोळ्या चेपल्या होत्या. चेपलेल्या गोळीची जाडी म्हणजेच तिथली मोकळी जागा. फिल्टरवर एकतीस मिलिमीटर, टोपीवर अडतीस, बॅटरीवर सव्वीस. सगळ्यांत कमी सव्वीस. त्यातून अस्तराचे बारा वजा, उरले चौदा. चौदा पुरेसे होते.

“आता यातलं काही हलवायचं नाही,” मी बाबांना बजावलं. “नटसुद्धा मला विचारल्याशिवाय फिरवायचा नाही.”

“बरं, बाईसाहेब.”

रविवारी सकाळी दहाला काम सुरू केलं. शेडमध्ये उजेड कमी, म्हणून बाबांचा हातदिवा गाडीच्याच बॅटरीला जोडून बॉनेटच्या कडेला टांगला. जुनं अस्तर पातीने खरवडून काढायलाच तीन तास गेले. मग रॉकेलच्या फडक्याने पत्रा पुसला, वाळू दिला, वर्तमानपत्राचा साचा कापला, त्यावरून अस्तर कापलं. चिकटवताना एका कोपऱ्यात हवेचा फुगा राहिला. बाबांनी तो अंगठ्याने दाबला. अंगठ्याला ग्रीस होतं.

“बाबा! पत्रा पुसायला मला तासभर लागला होता. ग्रीसवर गोंद धरत नाही, हे मी सकाळपासून किती वेळा सांगितलं?”

“चुकलं,” बाबा म्हणाले आणि हात मागे घेतला.

मी तरीही बोलत राहिले. गोंद कसा धरतो, ग्रीसचा पातळ थर काय करतो, सगळं. भिंगरी मातीची बोटं चाटत ऐकत होती. बाबा हल्ली “चुकलं” फार पटकन म्हणायचे. मला वाटायचं, नीट ऐकू येत नाही म्हणून वाद टाळत असतील.

संध्याकाळी पाचला काम संपलं. मी दिवा काढला, हात धुतले आणि बाबांना सांगितलं, “पहिले दोन दिवस इंजिन तापलं की गोंदाचा वास येईल. घाबरू नका. तो येतोच.”

सोमवारी सकाळी बाबांना चौदा गाद्या डोंगरावरच्या वसतिगृहात पोचवायच्या होत्या. भिंगरी त्यांच्याबरोबर निघाली. तिच्या बाजूच्या दाराची आतली मूठ दोन वर्षांपूर्वी कुणाच्या तरी हातात आली होती. तेव्हापासून ते दार बाहेरूनच उघडतं. बाबा उतरून, वळसा घालून दार उघडायचे आणि वाकून म्हणायचे, “राणीसाहेब, उतरावं.” भिंगरीला ते इतकं आवडायचं की मूठ दुरुस्त करायला तिचाच विरोध होता. मी आंघोळीत होते तेव्हा गाडी गेल्याचा आवाज आला. आवाज खरंच कमी झाला होता. मी साबणाच्या हातांनीच स्वतःला शाबासकी दिली.

साडेनऊला मी पसारा आवरायला शेडमध्ये गेले. कोपऱ्यात, जुन्या टायरमागे, एक पोतं काहीतरी झाकून ठेवल्यासारखं पसरलं होतं. उचललं तर खाली बॅटरी.

आधी वाटलं, कुठली तरी भंगारातली असेल. मग टोकावर निळा ठिपका दिसला. भिंगरीची माती. मी बोटाने खरवडून पाहिली. तीच. शेजारी एक लोखंडी पट्टी आणि तिची लांब सळई पडली होती. बॅटरी जागेवर घट्ट धरून ठेवते ती पट्टी.

ही जर इथे आहे, तर गाडीत काय आहे?

वायसरचं गॅरेज आमच्या शेडसमोरच, रस्त्यापलीकडे. हे काही त्याचं नाव नाही. पण कुठलंही काम करून झालं की त्याच्या हातात एक वायसर, म्हणजे नटाखालची चकती, उरतो, आणि तो कुठला हे त्याला कधीच सांगता येत नाही, म्हणून गावभर त्याला वायसर म्हणतात. तोही स्वतःला तसंच म्हणवतो. मी रस्ता ओलांडला तेव्हा तो चहा पीत होता.

“वायसरकाका, बाबांनी बॅटरी बदलली का?”

त्याने चहाचा घोट जरा जास्तच वेळ घेतला. “कोण म्हणालं?”

“जुनी शेडमध्ये आहे. पोत्याखाली.”

“बघ, मी सांगत होतो दादांना, पोतं नको, माझ्याकडे टाका.” त्याने ग्लास खाली ठेवला. “सकाळी सातला आले. गाडी चालूच होईना. बॅटरीत जीव नव्हता. अगं, कुणीतरी काल दिवसभर तिच्यावर दिवा जाळला. आधीच ती म्हातारी, त्यात तिला कामाला जुंपलं. माझ्याकडची एक बसवून दिली. पण सायंटिस्टला, म्हणजे तुला, सांगू नकोस म्हणाले. आता तूच सांग, मी कुठे सांगितलं? तुझं तुलाच कळलं.”

कुणीतरी म्हणजे मी. ते तेव्हा मनात आलं आणि निघून गेलं, कारण पुढचा प्रश्न मोठा होता.

“तुमची बॅटरी उंचीला तेवढीच होती?”

“बोटभर जास्त असेल. मोठ्या गाडीची ना.”

“तसली अजून एक आहे?”

त्याने कपाटाखालून एक ओढून काढली. मी त्याच्याच बाकावरची मोजपट्टी घेतली, ही मोजली, शेडमध्ये धावत जाऊन जुनीही मोजली आणि ती लोखंडी पट्टी घेऊन परत आले. जुनी दोनशे पाच मिलिमीटर. ही दोनशे सोळा. अकराचा फरक.

“चौदातून अकरा गेले की तीन उरतात,” मी म्हणाले.

“मग झालं की! बसतंय.”

“आणि ही पट्टी?” मी ती सळईसकट पुढे केली. “हिच्याशिवाय बॅटरी बांधली कशाने?”

“सळई आखूड पडली. ट्यूबची पट्टी कापून आवळून टाकली. हत्ती बसला तरी हलणार नाही.”

“हत्तीचं सोडा. रबर ताणलं जातं, काका.”

त्याला लगेच कळलं नाही. मला कळलं होतं. प्रत्येक खड्ड्यात, प्रत्येक गतिरोधकावर ती बॅटरी उडणार. तीन मिलिमीटर म्हणजे दोन बिस्किटांची जाडीही नाही. वर मी स्वतः नीट चिकटवलेला चंदेरी पत्रा. बॅटरीची दोन्ही टोकं त्याला टेकली की वीज इंजिनाची वाट सोडून पत्र्यातून धावणार. ठिणगी पडणार. गाडी चालू असताना बॅटरी भरत असते आणि भरताना हायड्रोजन सोडते, म्हणजे ठिणगी पडायला याहून वाईट जागा नाही. हे सगळं मी परीक्षेत लिहिलेलं होतं, आकृतीसह. आकृतीत मागच्या हौद्यात चौदा फोमच्या गाद्या नव्हत्या. आणि आतून न उघडणारं दारही नव्हतं.

“अरे देवा,” वायसर म्हणाला. आता त्यालाही कळलं होतं. “दादा कुठवर गेले असतील?”

मी बाबांना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. गाडी चालवताना बाबांना फोन ऐकू येत नाही, आणि ऐकू आला तरी ते उचलत नाहीत, कारण उचलू नका असं मीच सांगितलं होतं. तिसऱ्यांदा. वायसर मोटारसायकल बाहेर काढत होता. चौथ्यांदा कुणीतरी उचलला.

“हॅलो, आजोबा गाडी चालवतायत,” भिंगरी म्हणाली. “नंतर करा.”

“भिंगरी, मी मावशी. ठेवू नकोस. आजोबांना सांग, गाडी बाजूला घ्या. आत्ताच्या आत्ता.”

“आजोबा, मावशी म्हणते गाडी बाजूला घ्या.” मग लांबून बाबांचा “काय?” आणि भिंगरीचं तेच पुन्हा ओरडून. “आजोबा म्हणतात चढ आहे. मधे थांबलं की गाद्या मागे घसरतात. वर गेल्यावर थांबतो.”

“नाही! वर नाही, आत्ता!”

“मावशी, तू ओरडतेयस का?”

“नाही गं.”

“आजोबा विचारतायत, मावशी चिडलीय का?”

मला वाटलं, मी चिडलेय असं कळलं तर तरी थांबतील.

“हो. सांग खूप चिडलीय. मला बॅटरीचं कळलंय म्हणावं. थांबा म्हणावं.”

पलीकडे भिंगरीने ते जसंच्या तसं सांगितलं. बाबा काहीतरी बोलले. ती पुन्हा फोनवर आली, आणि तिच्या आवाजात खोटं बोलायला सांगितलेल्या मुलाची घाई होती.

“आजोबांना ऐकू येत नाहीये. म्हणजे इथे फोन नीट लागत नाहीये.”

“भिंगरी—”

“मावशी, इस्त्रीसारखा वास येतोय.”

फोन बंद झाला.

त्यानंतर मी सात वेळा लावला. लागला नाही. डोंगराच्या त्या अंगाला फोन खरंच लागत नाही, हे मला माहीत होतं. पण शेवटचा फोन डोंगराने तोडला की बाबांनी, ते मला माहीत नव्हतं.

वायसरच्या मागे बसून मी विचार नीट करायचा प्रयत्न केला. इस्त्रीसारखा वास. तापलेल्या गोंदाचाही वास तसाच येतो. म्हणजे काही झालं नसण्याची शक्यता आहे. जळणाऱ्या रबराचा वास भिंगरीने ओळखला असता का? तिने तो कधी घेतला असेल? इस्त्री तिने पाहिली आहे, म्हणून इस्त्री. सहा वर्षांच्या मुलीकडे वासांची यादीच केवढी असणार. आणि मग आठवलं. बाबांनाही तो वास आला असणार आणि ते अजिबात घाबरले नसणार. घाबरू नका, वास येतोच, असं त्यांना कुणी सांगितलं होतं?

“किती गतिरोधक लागतात?” मी वायसरच्या कानाशी ओरडले.

“कारखान्यापर्यंत पाच. शाळेपाशी दोन. पुढे चढावर नाहीत.”

सात. पण चढावर रस्ता उखडलेला होता, तिथे खड्डे मोजायची सोय नव्हती. मोटारसायकल प्रत्येक खड्ड्यात आपटली की माझे दात एकमेकांवर आदळत आणि मला ती बॅटरी वर उडताना दिसे. मी डोळे मिटले. मग जास्तच स्पष्ट दिसायला लागलं, म्हणून उघडले.

“दादा तीस वर्षं गाडी चालवतायत,” वायसर म्हणाला. “त्यांना कळेल.”

“त्यांना ऐकू येत नाही, काका.”

“आगीला आवाज नसतो गं. दिसते ती.” आपण काय बोललो हे लक्षात येऊन त्याने वेग वाढवला.

दुसऱ्या वळणानंतर रस्त्यावर एक गादी पडली होती. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली, कोरी. एक गाडीवाला तिला वळसा घालून हॉर्न वाजवत खाली गेला. थोडं पुढे दुसरी, कडेच्या गवतात. मग दोन एकावर एक. गाद्या कशा पडल्या असतील याची एक सरळ कारणमीमांसा होती आणि ती आम्हा दोघांनाही नको होती.

तिसऱ्या वळणावर पिकअप उभा होता. बॉनेट वर. त्याखालून करड्या धुराची एक बारीक रेघ निघत होती आणि वाऱ्याने मोडत होती. भिंगरीच्या बाजूचं दार सताड उघडं होतं. केबिन रिकामी होती.

मी मोटारसायकल थांबायच्या आधीच उतरले आणि गुडघ्यावर पडले. उठले.

“मावशी पडली!” कुणीतरी आनंदाने ओरडलं.

भिंगरी रस्त्याच्या पलीकडे, गाडीपासून चांगली तीस पावलं लांब, तीन गाद्यांच्या थरावर बसली होती. “आजोबांनी मला इथून हलायचं नाही सांगितलंय,” ती म्हणाली. “शप्पथ घातलीय. म्हणून मी तुला उचलायला येऊ शकत नाही.”

मी तिला जवळ घेतलं. केसांना धुराचा वास येत होता. हात, पाय, पापण्या, सगळं तपासलं. काही झालं नव्हतं. तिने मला गुदगुल्या होतायत म्हणून ढकललं.

बाबा गाडीच्या मागच्या चाकाशी बसले होते. उजवा हात पाण्याच्या बाटलीच्या कापलेल्या बुडात बुडवलेला. मला पाहिल्याबरोबर ते उठायला लागले.

“तुझं अस्तर फाटलं,” ते म्हणाले. “मी मुद्दाम नाही फाडलं. लवकर निघत नव्हतं, म्हणून ओढावं लागलं. फार छान चिकटवलं होतंस.”

मी त्यांचा हात पाण्यातून वर घेतला. तीन बोटांच्या टोकांवर फोड आले होते आणि तळव्यावर एक पांढरा चट्टा. “दुखतंय?”

“काय?”

“दुखतंय का!”

“चिडू नकोस.”

“मी चिडले नाहीये, बाबा. तुम्हाला ऐकू यावं म्हणून मोठ्याने बोलतेय.”

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, खात्री करायला.

काय झालं ते भिंगरीने सांगितलं, आणि तिला बाबांपेक्षा नीट सांगता आलं. बॉनेटच्या फटीतून धूर आला. आजोबांनी गाडी थांबवली, चाकाखाली दगड लावला, पळत येऊन दार उघडलं. “राणीसाहेब म्हणाले नाहीत. नुसतं ओढलं.” तिला पलीकडे नेऊन बसवलं. मग बॉनेट उघडलं. आतलं चांदीचं कापड लाल लाल झालं होतं, मधून. आजोबांनी ते हाताने फाडून रस्त्यावर फेकलं, बॅटरीची पट्टी चाकूने कापली, वायर ओढली, माती टाकली. मग एकेक गादी उचलून जमेल तितकी लांब. काही उतारावरून घसरत गेल्या. “मी मोजल्या. चौदा.”

अस्तर रस्त्याच्या कडेला पडलं होतं. मी ते उलटं केलं. दोन भोकं, नाण्याएवढी, त्यांच्यामधलं अंतर बरोबर बॅटरीच्या दोन टोकांमधलं. कडा काळ्या. भोकांभोवती चंदेरी पत्रा उरलाच नव्हता, त्याची वाफ झाली होती. काचतंतू जळत नाहीत, म्हणून ज्वाळा उठली नाही, नुसता मागचा गोंद धुमसत राहिला. पत्रा थोडा जाड असता तर. गोंद जास्त असता तर. मी आणखी “तर” जोडत गेले असते, पण अस्तर खाली ठेवलं आणि बाबांकडे वळले.

“बाबा, मला सांगितलं का नाही सकाळी?”

“दिवा तू लावलेलास,” ते म्हणाले. “त्याने बॅटरी उतरली. तुला कळलं असतं तर दिवसभर तोंड पाडून बसली असतीस. इतकं मनापासून केलंस सगळं.” ते थांबले. “आणि नटसुद्धा फिरवायचा नाही म्हणाली होतीस.”

“आणि फोनवर?”

“फोनवर तू चिडलेली होतीस.”

तेवढंच. त्यांना त्यात समजावण्यासारखं काही वाटत नव्हतं. वास आला तेव्हा त्यांच्या मनात आलं होतं थांबावं. पण मावशी चिडलीय म्हटल्यावर त्यांना वाटलं, वसतिगृहात आधी गाद्या उतरवू, मग शांतपणे बोलू. मी त्यांना थांबवायला जे वापरलं, त्यानेच त्यांना पुढे ढकललं होतं. किती मीटर पुढे, ते मोजता आलं असतं. मी मोजलं नाही.

वायसरने इंजिन तपासलं. दोन वायरी वितळल्या होत्या, त्या त्याने तोडून जोडल्या. बॅटरी या वेळी दोराने चारही बाजूंनी करकचून बांधली. “आता वर अस्तर नाही, टेकायला काही नाही,” तो म्हणाला. “दादांच्या हाताला डॉक्टर बघायला हवा. मी गाडी खाली नेतो. तुम्ही दोघं माझ्या मोटारसायकलवर या. सायंटिस्ट, चालवता येते ना?”

“येते.”

“भिंगरी माझ्याबरोबर. गाद्या राहू देत आत्ता, खाली गेल्यावर कुणाला तरी पाठवू.” त्याने वळणावरच्या रुंद, सपाट जागेत गाडी पुढे-मागे करून वळवली. आता तिचं तोंड उताराकडे होतं. भिंगरीला उचलून आत बसवलं, बाहेरून दार लावलं. इंजिन घरघरत होतं, अस्तर नसल्याने पूर्वीसारखंच. शहाऐंशी डेसिबल.

बाबा कडेला उभे होते, ओल्या रुमालात हात गुंडाळून. ते गाडीच्या चाकांकडे पाहत होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं, आणि मिटलं.

ते मी कालही पाहिलं असणार. परवाही. ते तोंड उघडून मिटणं. आणि प्रत्येक वेळी मी पुढचं बोलायला सुरुवात केली असणार.

“बाबा, काय?”

“काही नाही.”

वायसरने हँडब्रेक सोडला.

“बाबा, सांगा. मी रागावणार नाही.”

ते माझ्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होते. घाई करावी असं मला आतून काहीतरी ओरडून सांगत होतं, आणि घाई केली तर ते पुन्हा तोंड मिटतील हेही. मी भुवयासुद्धा हलवल्या नाहीत.

“ब्रेक,” बाबा म्हणाले. “पंधरा दिवस झाले. उतारावर पेडल खालपर्यंत जातं. दोन-तीनदा मारलं की धरतो. मला सवय झालीय, पण वायसरला—”

मी रस्त्यावर धावले, गाडीच्या समोर, दोन्ही हात वर करून. वायसरने मला पाहिलं. त्याचा पाय खाली गेलेला मला काचेतून दिसला नाही, पण त्याचा चेहरा दिसला. तोंड उघडं, डोळे पायाकडे. गाडी थांबली नाही. सावकाश, माणसाच्या चालीने, ती माझ्याकडे येत राहिली. मी एक पाऊल मागे गेले, मग दुसरं.

“हाणा!” बाबा ओरडले. सगळ्या डोंगराला ऐकू गेलं असेल. “पुन्हा हाणा! पुन्हा!”

तिसऱ्या वेळेला धरला. गाडी गचका खाऊन थांबली, बॉनेट माझ्यापासून हातभर. भिंगरी आत पुढे आदळून मागे बसली आणि हसायला लागली.

मी वळसा घालून दार उघडलं, तिला बाहेर काढलं आणि खाली ठेवलं नाही. वायसर उतरला. त्याने दोन मोठे दगड आणून पुढच्या चाकांखाली लावले, मग आणखी दोन मागच्या चाकांखाली, मग तिथेच रस्त्यावर बसला.

भिंगरी अंगाला जड लागत होती. बाबा जवळ आले. ते माझ्याकडेच पाहत होते, परीक्षेचा निकाल लागायचाय अशा चेहऱ्याने, जळका हात पाठीमागे लपवून.

“अजून काही आहे, बाबा?” मी विचारलं.

खालून एक गाडी आली, आम्हाला वळसा घालून वर गेली.

“तू आधी बस कुठेतरी,” बाबा म्हणाले.

मी भिंगरीला घेऊन कडेच्या गादीवर बसले, तिला मांडीवर घट्ट धरलं, आणि चेहरा होता तसा ठेवून त्यांच्याकडे पाहिलं. बाबांनी स्टिअरिंगपासून सुरुवात केली.